पोर जाड झालं की बोट आईकडेच का?

अबोली:

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. मुलगा नऊ वर्षांचा. कार्डावर लाल शाईत ‘वजन जास्त’ आणि खाली ‘पालकांनी आहाराकडे लक्ष द्यावे’ असं लिहून आलं. तेव्हापासून जो तो मला विचारतोय, डब्यात काय देतेस? सासूबाई, नणंद, सोसायटीतल्या बायका, अगदी व्हॅनवाले काकासुद्धा. त्याच्या बाबांना अजून एकानेही काही विचारलेलं नाही.

हाच मुलगा दोन वर्षांचा असताना वॉर्डातल्या सुदृढ बालक स्पर्धेत दुसरा आला होता. ‘काय बाळसं धरलंय!’ म्हणून ज्यांनी तेव्हा गालगुच्चे घेतले, त्याच आज ‘आवर घाल गं’ म्हणतात. खात्यापित्या घरचं मूल आपल्याला गुटगुटीतच हवं असतं. तेच मूल कोणत्या वाढदिवसाला लठ्ठ ठरतं, हे मला कुणी सांगावं.

डब्यात रोज पोळी-भाजी असते. मग मी त्याचा सगळा दिवस लिहून काढला. साडेसहाला व्हॅन, दोनपर्यंत शाळा. आठवड्याला पीटीचे दोन तास, त्यातला एक गणिताच्या बाई घेतात. चार ते साडेपाच क्लास. सहाला मोकळा होऊन खाली गेला, तर पार्किंगच्या भिंतीवर पाटी आहे: ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती त्याने करायची कुठे? वर्गात ४८ मुलं आहेत, म्हणजे वर्षाला ४८ वाढदिवस आणि ४८ वेळा चॉकलेट. फाटकाबाहेर दुकान आहेच.

त्याच्या तोंडात काय जातं आणि त्याच्या पायांना काय मिळत नाही, हे बरंचसं माझ्या ओट्याबाहेर ठरतं. शाळा, सोसायटी, सरकार यांनी आपापला वाटा उचलावा. आईला चिठ्ठी पाठवली म्हणजे उपाय झाला, असं मी मानत नाही.

गावठाण:

ताई, राग मानू नका, पण हे मला पटत नाही. किराण्याची यादी घरातच होते ना? माझ्या लेकाच्या घरी फ्रीज उघडला की दारात गोड पाण्याच्या तीन बाटल्या दिसतात. मी फक्त सुनेला बोलत नाही. रात्री नऊला फोनवरून जेवण मागवणारा माझा लेक तिच्याइतकाच जबाबदार आहे. नातू समोर मोबाइल असल्याशिवाय घास घेत नाही. किती खाल्लं ते त्याला कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही कळत नाही.

सरकारने करावं म्हणता, तर कायदे आहेत की. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेयं वगैरे विकायला बंदी घातली. २०२० मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केले, की जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. मग पोरं ५१व्या मीटरवर जातात. खिशात दहाची नोट कुणी घातलेली असते? घरात ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. ते काम सरकार करू शकत नाही.

मधलीआळी:

त्या ५० मीटरबद्दल मलाच विचारा. माझी वडापावची गाडी एका शाळेसमोर एकोणीस वर्षं होती. नियम आला आणि मला उचललं. वडा तळणीचा आहे, मान्य. पण ज्या पोरांची आई पहाटे पाचला धुण्याभांड्याच्या कामाला जाते, ती पोरं डबा न आणता माझ्याकडे यायची आणि गरम खायची. आता माझ्या जागेमागच्या दुकानात तीच पोरं रंगीत पुडे घेतात. माझी गाडी दिसते म्हणून उचलली जाते. त्या दुकानातला काचेचा फ्रीज कंपनीनेच फुकट दिलाय, तो कुणी उचलत नाही.

पाटीपेन्सिल:

मी नंदुरबार जिल्ह्यात पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. हा धागा वाचताना अस्वस्थ झालो, म्हणून लिहितोय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. जादा वजनाची होती ४.१ टक्के. माझ्या वर्गात दप्तराच्या ओझ्याने वाकणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. त्या एका दिवशी हजेरी भरलेली असायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून करा म्हणाले. आमच्या पाड्यावर वर्गणी कोण देणार?

शहरातल्या पार्किंगच्या पाटीवर एवढी चर्चा होते, पण अंड्यावर कुणी धागा काढला नाही. राज्याने पैसा आधी कुठे खर्चावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बालवैद्य:

पाटीपेन्सिल सर, तुमचा संताप रास्त आहे. पण तुमची मुलं आणि अबोलीताईंचा मुलगा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहान होतं, त्याचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, तरी आत चरबी राखून असलेलं बाळ. पुढे खाणं वाढलं आणि हालचाल घटली की अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. म्हणून पाड्यावरच्या, उद्या आई होणाऱ्या मुलीचं अंडं आणि शहरातल्या पोराचं मैदान, या एकाच दुखण्याच्या दोन जागा आहेत. आणि तुम्ही सांगितलेले ४.१ टक्के आधीच्या पाहणीत, २०१५-१६ मध्ये, १.९ होते. दुपटीहून जास्त झाले.

याच कारणाने भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५च्या वाढीच्या तक्त्यांमध्ये जादा वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा खाली आणल्या. मोठ्यांच्या २३ आणि २७ बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जुळणाऱ्या रेषा मुलांच्या वयानुसार काढल्या आहेत. पाश्चात्त्य तक्त्यात ‘ठीक’ दिसणारं आपलं मूल इथे रेषेवर येतं.

अबोलीताई, तुमच्याशीही थोडं भांडते. डब्यात पोळी-भाजी असते हे खरं, पण डबा हा दिवसातला एक घास झाला. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी दूध, सरबत, खोक्यातला ज्यूस आणि शक्तिवर्धक म्हणून दुधात घालायची पावडर यांतली साखर मोजायला लावते. कोलासारख्या पेयात १०० मिलीला १० ग्रॅमच्या वर साखर असते. ३०० मिलीच्या बाटलीत सहा-सात चमचे होते. आणि झोप! रात्री अकराला झोपून सहाला उठणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची भूक ताब्यात राहत नाही.

गावठाण, तुमचं ‘नाही म्हणा’ ऐकायला सोपं आहे. मुलाचं वजन त्याच्या जनुकांवर, आईच्या गरोदरपणावर, झोपेवरही ठरतं. एकाच घरात एकाच ताटातलं खाऊन एक भाऊ सडपातळ आणि एक जाड असतो. त्यात जाड भावाची इच्छाशक्ती कमी पडली, असं नसतं. आणखी एक: पालक लगेच ‘थायरॉइड बघा’ म्हणतात. उंची नीट वाढत असेल तर बहुतेकदा ते कारण नसतं. पण दोष कुणाचाच नाही असं कळलं तर बरं, म्हणून ते तपासणी मागतात. त्यांची ही धडपड मला समजते.

लेस्टरकर:

इंग्लंडमध्ये राहतो. इथे सरकारी योजनेत शाळेतली मुलं चार-पाचव्या वर्षी आणि मग दहा-अकराव्या वर्षी मोजतात. बऱ्याच ठिकाणी घरी पत्रही येतं. आमच्या मुलीचं आलं तेव्हा बायको रडली. म्हणजे चिठ्ठीचं दुखणं इथेही आहे.

पण एक गोष्ट इथे नीट झाली. एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लागतो. १०० मिलीमागे ५ ग्रॅमच्या खाली असेल तर काही नाही, ८च्या वर असेल तर सर्वांत जास्त. कर सुरू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. आमच्या घरचं पेय तेच राहिलं आणि साखर घटली, आम्ही काहीही न करता. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर कितीही असो, दर तोच. मग कंपनी ती कमी का करेल? आणि त्याच दिवशी बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम, नमकीन, नूडल्स ५ टक्क्यांवर आली. हे मला अजिबात समजलेलं नाही.

गावठाण:

कराचं मला सांगू नका. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता, तोही फक्त ब्रँडवाल्या हॉटेलांवर. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो विरून गेला. खेड्यातल्या दुकानात पुडा पाच रुपयांचाच राहतो. कर वाढला की आतला माल कमी करतात आणि पुन्हा हवा भरतात. पोर मग दोन पुडे मागतं.

पाटीपेन्सिल:

हे मात्र खरं आहे. आमच्या पाड्यावर अंडं पोचत नाही, पण पाचचा पुडा पोचतो. सकाळी शाळेत येताना काही मुलं तोच खाऊन येतात. बालवैद्य मॅडमचं वाचल्यावर त्या पुड्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतोय. अंड्याबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.

शेवटचाबाक:

मी स्वतः जाड मुलगा होतो. आता वय ३४. वर कुणीच मुलाबद्दल बोललं नाही, सगळे मुलाच्या वजनाबद्दल बोलले.

मला चौथीपासून दहावीपर्यंत ‘ढोल्या’ म्हणायचे. पीटीचे सर खो-खोला मला गुण लिहायला बसवायचे. प्रेमानेच, ‘तू दमशील’ म्हणून. सहा वर्षं मी गुणच लिहिले. धावायला लागलो तो नोकरीला लागल्यावर, पहाटे साडेचारला, कुणी बघणार नाही अशा वेळी. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना खाण्यापिण्यातली साखर दाखवणारे फलक लावायला सांगितलं, ते मला आवडलं. फलक सगळ्यांसाठी असतो. लाल शाईचं कार्ड एकाच्या हातात पडतं, आणि बाकावरचा शेजारी ते वाचतो. अबोलीताई, कार्ड मुलाने स्वतः घरी आणलं का? वर्गात कसं वाटलं होतं?

गावठाण:

आमच्या सोसायटीत खेळायला मनाई करणारी तशीच पाटी मी सचिव असताना लावली होती. एका गाडीची काच फुटली होती. तेव्हा ते बरोबर वाटलं. सभेत विषय काढेन, मंजूर होईल असं नाही. फ्रीजबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

अबोली:

सगळ्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. बालवैद्य, पावडरचं तुमचं खरं आहे. डबा उघडून मोजली, दोन मोठे चमचे रोज, वर तो साखरही घालून घेतो. बंद केलीय.

शेवटचाबाक, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री त्याला विचारलं. कार्डं बाकांवरून मागे पाठवत वाटली होती. त्याचं शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडला की मुलं घास मोजतात. म्हणून तो डबा उघडतच नाही. व्हॅनमधून उतरायच्या आधी भाजी-पोळी पिशवीत बांधून फाटकाजवळच्या कचरापेटीत टाकतो आणि मला रिकामा डबा देतो. सकाळी सहापासून उपाशी असलेलं पोर दोन वाजता दुकानात जातं. आजी रोज गुपचूप दहा रुपये देते, तेही त्यानेच सांगितलं.

सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटायची वेळ घेतली आहे. बाबा येणार आहेत माझ्याबरोबर.