मलय लोककला मोबाईलवर आणायचीय, सुरुवात कुठून करू?

सोलापुरी_एडिटर: मंडळी, मी सोलापुरात व्हिडिओ एडिटिंग करतो, क्वालालंपूरच्या एका पार्टीला मलय लोककलेचे छोटे उभे व्हिडिओ हवेत, अन् मला तिथलं ट्विन टॉवर सोडून काय म्हणजे काय माहीत नाय.

शेंगाचटणी: पंतून घे भावा, म्हणजे मलय लोककविता. चार ओळी, पहिली-तिसरी अन् दुसरी-चौथीचं यमक, पहिल्या दोनात झाडं पाखरं अन् मनातलं शेवटच्या दोनात, म्हणजे आपल्या जात्यावरच्या ओवीची मावसबहीणच. २०२० ला युनेस्कोच्या यादीत गेलंय. स्टेटसला आरामात बसतं.

गड्ड्याची_जत्रा: वायांग कुलित बघ ना! मलेशियातल्या केलांतान राज्याकडं चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागं नाचवतात, गोष्ट रामायणातली, अन् सगळ्या पात्रांचे आवाज एकटा दालांग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, काढतो. पिंगुळीच्या बाहुल्यांची आठवण येते बघ. पण पडदा आडवा अन् मोबाईल उभा, त्यामुळं दोन बाहुल्यांचा संवाद कापला की मजा गेली. आणि शूटिंगला ऑटो एक्स्पोजर (कॅमेरा आपोआप उजेड कमी-जास्त करतो ते) बंद कर, नायतर सावल्या राखाडी येतात (मी एका खेळाला ते चालू ठेवायचा शहाणपणा करून बसलोय).

सोलापुरी_एडिटर: रामायण होय! मग आई पण बघंल. लहान पोरांसाठी काय?

शेंगाचटणी: उपिन इपिन. जुळ्या पोरांचं कार्टून, २००७ ला रमजानसाठी छोटे छोटे भाग काढले होते, गावातलं घर, आजी, उपास सगळं त्यात. आधी ते बघ, मग पार्टीला रेट सांग. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हात लावू नको.