इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतलं ‘आर.ई.’ (रिलिजस एज्युकेशन, धर्मशिक्षण): हिंदू धर्माचं युनिट कसं घ्यावं?

स्लावची_मास्तरीण:
महाराष्ट्रात डी.एड. करून झेडपीच्या शाळेत शिकवलं, आता इथे प्राथमिक शाळेत आहे. पुढच्या हाफ-टर्ममध्ये (अर्ध्या सत्रात) इयर थ्रीला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना, हिंदू धर्माचं युनिट घ्यायचंय. आठवड्याला एक असे सहा तास. ‘तू हिंदू, तेव्हा तूच घे’ या न्यायाने ते माझ्या गळ्यात पडलं. वर्गात २८ मुलं. दोन हिंदू, बाकी मुसलमान, शीख, ख्रिश्चन आणि बरीचशी घरी काहीच न पाळणारी.
आपल्याकडे सरकारी शाळेत धर्मशिक्षणाला मनाई, इथे तेच सक्तीचं. मग रेघ कुठे आखायची? वर्गात पूजा करून दाखवावी का? आणि एका पालकांनी ‘आमचं मूल या तासाला बसणार नाही’ असं कळवलंय, त्याचं काय?

खडू_आणि_कलम:
आधी कायद्याचं उरकतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या इंग्लंडमधल्या सगळ्या शाळांत आर.ई. सक्तीचं आहे, पण ते राष्ट्रीय अभ्यासक्रमात मोडत नाही. शाळा कौन्सिलची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, असेल तर त्या भागाचा ‘अ‍ॅग्रीड सिलॅबस’, म्हणजे आर.ई.चा स्थानिक अभ्यासक्रम, लागू होतो. त्याचा दर पाच वर्षांनी फेरविचार करावा लागतो, म्हणून हातातली प्रत चालू आहे ना ते बघा. अकॅडमीला, म्हणजे सरकारी पैशावरच्या पण कौन्सिलच्या हाताखाली नसलेल्या शाळेला, हा सिलॅबस बंधनकारक नाही, तरी पुष्कळ अकॅडम्या तोच वापरतात. चर्चच्या ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळेचा हिशोब वेगळा. तिथे संस्थेच्या धर्माप्रमाणे शिकवतात.

मूल न बसवण्याचा हक्क पालकांना आहे, कारण न सांगताही. पूर्ण विषयातून किंवा फक्त एखाद्या भागातून मूल काढता येतं. शाळेने त्या वेळात मुलावर लक्ष ठेवायचं, वेगळा तास घेण्याचं बंधन नाही. पत्र आलं की स्वतः उत्तर देऊ नका, मुख्याध्यापकांकडे द्या. सहा तासांत काय होणार याचा एक पानी आराखडा मात्र त्यांच्या हाती ठेवा. बऱ्याचदा पालकांची समजूत अशी असते की मुलांना हात जोडायला लावणार. तसं नाही हे कागदावर दिसलं की विरोध मावळतो. आणि रोजची ‘कलेक्टिव्ह वर्शिप’, म्हणजे शाळेतली सामुदायिक प्रार्थना, ही निराळी बाब. त्यातून मूल काढायचं तर ते वेगळं कळवावं लागतं. दोन्हीची गल्लत शिक्षकही करतात.

रेघेबद्दल: आपल्या राज्यघटनेचं कलम २८ पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धर्माची शिकवण द्यायला मनाई करतं. धर्मांविषयी अभ्यासाला ते आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितलंय. इथल्या कौन्सिलच्या शाळेतही तेच धरून चाला: धर्माविषयी शिकवायचं, धर्म शिकवायचा नाही.

पळी_पंचपात्र:
वरच्या शेवटच्या वाक्याची वर्गातली खूण म्हणजे ‘अनेक हिंदू’ आणि ‘काही हिंदू’. ‘हिंदू शाकाहारी असतात’, ‘हिंदू रोज पूजा करतात’ असली वाक्यं तयार वर्कशीटांत सर्रास सापडतात. छापण्याआधी दुरुस्त करा. आणि ‘आम्ही’ हा शब्द तासापुरता बाजूला ठेवा. शिक्षिका ‘आम्ही’ म्हणाली की वर्गाचे दोन भाग पडतात.

पहिला तास वस्तूंवर घ्या. सहा टेबलं, चार-पाच मुलांचा गट, प्रत्येक टेबलावर एकच वस्तू: घंटा, निरांजन, कुंकवाचा करंडा, पळी-पंचपात्र, उदबत्तीचं घर, देवाची छोटी तसबीर. नाव सांगायचं नाही, उपयोगही नाही. कागदावर तीन रकाने: काय दिसतं, कशासाठी असेल, काय विचारायचंय. चार-चार मिनिटांनी गट फिरवा, म्हणजे २४ मिनिटांत सगळं पाहून होतं. मग दहा मिनिटं नावं आणि उपयोग. त्यानंतर घरच्या पूजेचा तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, आवाज बंद ठेवून. मुलं आपण हाताळलेली वस्तू शोधत बसतात. शेवटी कोणती वस्तू कोणत्या इंद्रियासाठी ते जुळवायचं. आधी नावं सांगून टाकली तर उरलेला तास नुसता पाठांतराचा होतो, घाई करू नका.

बिघडतं ते असं. कुंकू गालिच्यावर आणि युनिफॉर्मवर सांडतं आणि डाग निघत नाही. पारदर्शक डबी टेपने बंद करूनच द्या. उदबत्ती पेटवू नका: दम्याची मुलं असतात, शिवाय धुराचा अलार्म वाजला की अख्खी शाळा मैदानात. न पेटवलेली काडी बरणीत ठेवून वास घेऊ द्या. मूर्ती असेल तर कापडावर, टेबलावरच ठेवा, जमिनीवर नको. शाळेच्या कपाटात पितळी गणपती प्लास्टिकच्या डायनोसॉरांशेजारी पडलेला असतो, त्याला आधी वेगळी पेटी द्या.

पुढचे तास: गणपतीचं चित्र ‘वाचणं’ (मोठे कान, मोडका दात, उंदीर, प्रत्येकाचा अर्थ मुलांनी आधी स्वतः लावायचा), एक गोष्ट, दोन हिंदू कुटुंबांच्या पद्धतींतला फरक, मंदिर, आणि शेवटी लेखन. दिवाळी घेणार असाल तर आधीच्या इयरला काय झालंय ते आर.ई. लीडला (शाळेत हा विषय सांभाळणाऱ्या शिक्षकाला) विचारा. राम-सीता दरवर्षी परत येतात आणि मुलं कंटाळतात. रामाच्या गोष्टीशेजारी बलिप्रतिपदा ठेवली तर एकाच सणामागे दोन गोष्टी असू शकतात हे कळतं. रांगोळी काढून झाली की मात्र तो तास चित्रकलेचा झाला, आर.ई.चा नव्हे.

गोदाकाठ:
बरंचसं पटलं, एक सोडून. आवाज बंद व्हिडिओ ठीक, पण जिवंत माणूस हवा. एखाद्या हिंदू पालकांना दहा मिनिटं बोलवा. ‘मी घरी असं करते’ हे त्यांनी म्हणणं योग्यच, शिक्षिकेने नव्हे. आधी दोन गोष्टी सांगून ठेवा: उपदेश नको आणि मुलांना टिळा लावायचा नाही.

खाऊचं जपा. तीळगूळ नको, तीळ इथल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. दूध, शेंगदाणे, सुकामेव्यातले काजू-बदामही त्यात येतात. खोबरं यादीत नाही, तरी वर्गाचा ॲलर्जीचा तक्ता बघाच. त्यातल्या त्यात केळ्याच्या चकत्या बऱ्या. त्याही नैवेद्य न दाखवलेल्या, आणि तसं पालकांना लिहून कळवलेल्या. देवाला दाखवलेलं अन्न काही मुसलमान आणि ख्रिश्चन घरांत चालत नाही. मंदिराच्या सहलीतही हेच: प्रसाद नाकारला तरी चालतो, हात जोडायची सक्ती नाही, हे आदल्या दिवशीच सांगा. आणि मोजे धड असू देत, बूट काढावे लागतात.

दोन हिंदू मुलांना ‘तू सांग बरं’ म्हणून उभं करू नका. त्यांना माहीत नसतं आणि मग ती ओशाळतात. स्वतःहून हात वर केला तर जरूर ऐका.

स्लावची_मास्तरीण:
खूपच कामाचं आहे, आभार. एक राहिलं. ‘मिस, हा देव खरा आहे का?’ हे कुणीतरी विचारणारच. तेव्हा काय?

पळी_पंचपात्र:
‘अनेक हिंदूंना तो खरा वाटतो. काहींच्या मते सगळे देव एकाच शक्तीची रूपं आहेत. काही माणसं देवच मानत नाहीत. तुला काय वाटतं, आणि कशावरून?’ एवढ्यावर थांबा. ‘कशावरून’ सोडू नका, शेवटच्या तासाचं लेखन तपासताना त्यालाच महत्त्व द्या. घंटा का वाजवतात याचं ‘वाजवतात म्हणून’ हे उत्तर अपुरं. ‘देवाकडे लक्ष लागावं म्हणून, असं काही हिंदूंना वाटतं’ हे सात वर्षांच्या मुलाने लिहिलं तर युनिट जमलं.