बॅटरी गेली तर? : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०२ : मंडळी, मला प्रामाणिक मतं हवी आहेत. जुनी पेट्रोल गाडी काढून टाकायची वेळ आली आहे आणि मुलगा म्हणतो आता इलेक्ट्रिकच घ्या. चालवायला स्वस्त, हे मान्य. पण पेट्रोलवर जे वाचेल ते आठ-दहा वर्षांनी बॅटरी एका फटक्यात गिळणार असेल तर वाचलं काय? गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा एकच भाग म्हणजे ती बॅटरी. ज्यांनी स्वतः विचार केलाय त्यांनी लिहा. फॉरवर्ड नकोत, ही विनंती.

बी-१०४ : काका, आठ वर्षं ही वॉरंटीची मुदत आहे, बॅटरीचं आयुष्य नाही. लोक दोन्ही एकच समजतात. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच्या आसपास हमी देतात. त्या काळात क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल. जिओटॅब ही कंपनी गाड्यांच्या ताफ्यांची माहिती गोळा करते. त्यांच्या २०२४ च्या विश्लेषणात बॅटरी वर्षाला सरासरी १.८ टक्के घटताना दिसली, २०१९ मध्ये हाच आकडा २.३ होता. म्हणजे नवी असताना ४०० किलोमीटर जाणारी गाडी दहा वर्षांनी सव्वातीनशेच्या पुढेमागे जाईल. ती भंगारात काढायची गरज नाही.

सी-५०३ : बी-१०४, आकडे बरोबर आहेत, पण सरासरी ताफेवाल्याच्या कामाची. ज्याच्या दारात एकच गाडी आहे त्याचं बॅटरी पॅक एक तर चालतं नाहीतर बंद पडतं.

माझी नोकरीच इंजिनं उघडायची होती, म्हणून सविस्तर लिहितो. इंजिन तुकड्यातुकड्याने म्हातारं होतं. आज इंजेक्टर, उद्या टायमिंग बेल्ट, मग हेड गॅस्केट, शेवटी रिंगा आणि बेअरिंग. आणि ते आधी सांगतं : धूर येतो, ऑइल कमी होतं, आवाज बदलतो, पिकअप जातो. तोवर माणूस पैशांची सोय करतो, नाहीतर गाडी विकून मोकळा होतो. ज्याला त्यातलं कळतं असा कुठलाही मेकॅनिक ते उघडू शकतो. जुने पार्ट मिळतात, ओव्हरहॉल होतं.

बॅटरी पॅक म्हणजे सीलबंद पेटी, आत साधारण ४०० व्होल्ट. सेलचे गट एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर गट अख्ख्या पॅकची मर्यादा ठरवतो. बाकीचे ठणठणीत असले तरी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, गाडी थांबवते, आणि थांबवायलाच हवी, कारण आगीचा धोका असतो. म्हणून माझी शंका झिजेबद्दल नाही. झीज मला चालेल. वॉरंटी संपल्यावर येणारा एकरकमी खर्च आणि तो करायला कंपनीचं एकच दार, याबद्दल आहे.

डी-२०२ : अगदी मनातलं लिहिलंत.

ए-५०१ : सी-५०३ काका, मुद्दा पटला, पण मग दोन्ही गाड्यांच्या खर्चाच्या वह्या सारख्या लिहूया. पेट्रोलच्या बाजूचे ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट, क्लच, सायलेन्सर हे खर्च आपण किरकोळ म्हणून कधी लिहूनच ठेवत नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीतल्या विजेचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक भाग चाकांना मिळतो. हा फरक रोज जमा होत असतो.

पण किती जमा होतो हे फिरण्यावर आहे, आणि ए-३०२ काका, तुमच्यासाठी खरा प्रश्न इथे आहे. जो रोज लांब जातो त्याची बचत भराभर साठते. ज्याची गाडी आठवडाभर खाली उभी असते त्याची बचत मुंगीच्या पावलांनी चालते, आणि बॅटरी मात्र उभ्या उभ्याही म्हातारी होते. लिथियम बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या काळानेही झिजते. पूर्ण चार्ज करून उन्हात ठेवली तर जास्तच. तेव्हा वर्षाला किती किलोमीटर, ते आधी सांगा.

ए-३०२ : ताई, फार नाही. निवृत्तीनंतर गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते. लांबचा प्रवास क्वचित.

बी-१०४ : तरीही बॅटरीची किंमत आजची धरू नका. ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीनुसार २०१० मध्ये लिथियम-आयन पॅक किलोवॅट-तासाला (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप) हजार डॉलरहून महाग होतं, २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली. तुमच्या गाडीला गरज पडेल तोवर आणखी उतरेल.

सी-५०३ : हा दर घाऊक आहे, गाडी बनवणाऱ्याला पडणारा. माझ्यासारख्याने सर्व्हिस सेंटरला जाऊन एक पॅक मागितलं तर त्यात वाहतूक, मजुरी, त्यांचा नफा, सगळं आलं. मॉडेल बंद झालं असेल तर ते पॅक बनतंय का, इथपासून सुरुवात. आणि नव्या बॅटऱ्या स्वस्त झाल्या की नव्या गाड्याही स्वस्त होतात, मग आपल्या जुन्या गाडीला कोण किती देईल? स्वस्ताईचा तो फटका आजच्या मालकालाच बसतो. हे कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

डी-२०२ : एक भर घालतो. सगळ्या बॅटऱ्या एका माळेत ओवू नका. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तिच्यात निकेल आणि कोबाल्ट नसतं, ती चार्जिंगच्या जास्त फेऱ्या सोसते, स्वस्त पडते. पण तेवढ्याच पल्ल्यासाठी वजन जास्त. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली. ती हलकी, पण तिला रोज शंभर टक्के भरणं मानवत नाही. थंड ठेवायची व्यवस्थाही बघा. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता फार लवकर घटली. त्या अनुभवावरून आजच्या द्रवाने थंड होणाऱ्या पॅकची भीती बाळगणं बरोबर नाही.

सी-५०३ : हे मान्य. म्हणूनच मी इलेक्ट्रिक नकोच असं म्हणत नाहीये. मी म्हणतोय, बॅटरी केवढ्याला हे विचारून थांबू नका, ती उघडून दुरुस्त होते का ते विचारा. काही पॅकमध्ये सेल मॉड्यूलमध्ये, म्हणजे सुट्या होणाऱ्या छोट्या संचांत, बसवलेले असतात, बिघडलेलं मॉड्यूल बदलता येतं. काहींत जागा आणि वजन वाचवायला सेल थेट पॅकमध्येच चिकटवतात. पल्ल्यासाठी उत्तम, दुरुस्तीसाठी अवघड. शोरूममध्ये विचारलं तर विक्रेता पल्ला आणि स्क्रीनबद्दल बोलत राहील. तुम्ही सर्व्हिसच्या माणसाला गाठा.

वॉरंटीत क्षमता घटणं स्पष्ट लिहिलंय की फक्त बिघाड, हेही वाचा. पॅक गाडीच्या पोटाखाली असतं. दगड लागून ते चेपलं तर तो विमा कंपनीचा विषय होतो, तेव्हा पॉलिसीत त्याबद्दल काय आहे ते बघा.

सी-१०१ : जुनी इलेक्ट्रिक घेतली तर?

सी-५०३ : तर बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थ, हातात पडल्याशिवाय टोकन देऊ नका. नुसतं किलोमीटर बघून पेट्रोल गाडीचा अंदाज येतो, इथे येत नाही. कमी चाललेली पण सतत उन्हात पूर्ण चार्ज करून ठेवलेली गाडी जास्त थकलेली असू शकते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीची माहिती देणारी डिजिटल नोंद, सक्तीचा केला आहे. माहिती ग्राहकाच्या हातात येण्याच्या दिशेने हे योग्य पाऊल आहे आणि सगळीकडेच व्हायला हवं.

ए-५०१ : ए-३०२ काका, तुमच्या एवढ्या कमी फिरण्यात इंधनाची बचत इलेक्ट्रिकला मोजलेली वरची किंमत भरून काढायला फार वर्षं घेईल. फक्त पैशांसाठी बदलत असाल तर घाई नको. धूर नको, आवाज नको म्हणून घेत असाल तर ते कारणही तितकंच खरं आहे, पण मग ते पैशांच्या हिशेबात मिसळू नका.

ए-३०२ : ताई, पटलं. जुनी पेट्रोल गाडी अजून ठीक चालते आहे, एवढ्यात काढत नाही. मुलाला मात्र रोज लांब जावं लागतं, तेव्हा इलेक्ट्रिक त्याच्या नावाने बघतो. वॉरंटीचा पूर्ण मजकूर मागवला आहे, आला की इथे टाकतो. सी-५०३, दुरुस्तीची कलमं तुम्ही वाचून सांगा.

सी-५०३ : पाठवा. बॅटरी कुठल्या प्रकारची आहे तेही लिहून घ्या.