मदत हवी आहे: सेम्पोर्नाहून किनाबातांगानला रस्त्याने कसं जायचं?

एप्रिलमध्ये आम्ही दोघं मलेशियाला जातोय, हाताशी नऊ-दहा दिवस. आधी क्वालालंपूर, मग विमानाने बोर्निओ बेटावरचं (साबाह राज्य) तावाऊ, तिथून किनाऱ्यावरचं सेम्पोर्ना. माझं डायव्हिंग जवळच्या माबुल बेटावर राहून, शेजारच्या सिपादान बेटावर डायव्हिंगचं परमिट मिळालं तर उत्तमच (रोज ठराविकच देतात, त्यामुळे भरवसा धरलेला नाही). नवरा पाण्यात उतरत नाही. त्याला ओरांगउटान आणि प्रोबोसिस माकडं बघायचीत. म्हणून शेवट किनाबातांगान नदीवर सुकाऊ गावाला, मग सेपिलोक (ओरांगउटानचं पुनर्वसन केंद्र) आणि सांदाकानहून परतीचं विमान.

उलटा क्रम सुचवू नका. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, शक्यतो २४, विमान टाळायचं असतं. जंगल नंतर ठेवलं की तो वेळ आपोआप निघून जातो.

घोडं अडलंय ते मधल्या रस्त्यावर. लाहाद दातूमार्गे सांदाकानला जाणाऱ्या बस आहेत, पण त्या हायवेवर सुकाऊच्या फाट्याला सोडतील. पुढे आत जायचं कशाने? लॉजवाल्यांना विचारलं, तर ते फक्त सांदाकानहून न्यायला तयार आहेत. डायव्हिंगवाले खाजगी गाडी देतात, पण भाडं दोघांत जड जातंय. स्वतः गाडी चालवायची नाही, आणि दुपारची नदीफेरी चुकवायची नाही.

हा प्रवास कोणी केलाय का? फाट्यावर आयत्या वेळी गाडी मिळते, की आधीच ठरवावी लागते? आणि सेम्पोर्नाहून सकाळी किती वाजता निघालं तर दुपारच्या बोटीच्या आत पोचता येतं?