निखिलची शपथ आणि तनूची फाइल

सुलूआत्या: निखिल, अभिनंदन रे! इंटरव्ह्यू पास म्हणजे आता तू अमेरिकन. गौरी आणि तनूला कधी नेतोस?

निखिल: थँक्यू आत्या 🙏 पण अजून नाही झालो. गुरुवारी शपथ आहे. तिथे ग्रीन कार्ड काढून घेतात आणि सर्टिफिकेट देतात. तोवर मी भारतीयच.

अण्णा: नवरा नागरिक झाला की बायको आपोआप होते ना?

मंदारदादा: नाही अण्णा, गौरी भारतीयच राहणार. तिची रांग तेवढी बदलते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला एफ-टू-ए कॅटेगरी, तिथे वर्षाला ठरावीकच व्हिसे. नागरिकाच्या बायकोला संख्येची मर्यादाच नाही, प्रोसेसिंगला लागेल तेवढाच वेळ. निखिलने भरलेला आय-१३०, म्हणजे घरच्यांना तिकडे न्यायचा अर्ज, तोच चालतो. शपथ झाली की सर्टिफिकेटची कॉपी पाठवून कळवायचं.

गौरी: हुश्श! दोन वर्षं दर महिन्याला, रांग कुठवर आली ते बघायला, ते व्हिसा बुलेटिन उघडून बसतेय.

मंदारदादा: थांब जरा. निखिल, तनूचा वेगळा आय-१३० भरलायस का?

निखिल: नाही. गौरीच्या फॉर्ममध्ये आहे की तिचं नाव.

मंदारदादा: तिथेच घोळ आहे. एफ-टू-ए मध्ये मूल आईच्या अर्जावरच येऊ शकतं. नागरिकाच्या बायकोच्या अर्जावर येत नाही, मुलाचा अर्ज स्वतंत्र लागतो. म्हणजे गुरुवारी गौरीची फाइल पळायला लागणार आणि तनू त्यातून बाहेर. आमच्या ऑफिसातल्या एकाला हे बायकोच्या इंटरव्ह्यूची तारीख आल्यावर कळलं. तारीख पुढे ढकलून बसली बिचारी, मुलाचा अर्ज मंजूर होईपर्यंत.

सुलूआत्या: अगं बाई! मग शपथच पुढे ढकल.

मंदारदादा: आत्या, कशाला? आज ऑनलाइन भरू दे. शपथेनंतर तोही अर्ज आपोआप वरच्या कॅटेगरीत जातो. फी वेगळी पडेल, पडू दे. उलट तनूचं भलंच आहे. १८ च्या आत ग्रीन कार्डवर येऊन निखिलजवळ राहायला लागली की ती नागरिकच, २००१ पासून तसा कायदा आहे. गौरीला मात्र ग्रीन कार्डवर निखिलसोबत तीन वर्षं काढावी लागतील, मग अर्ज. एरवी पाच लागतात.

सुलूआत्या: तोवर टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन येऊ देत दोघी.

मंदारदादा: त्या फॉर्ममध्ये विचारतात, इमिग्रंट पिटिशन आहे का म्हणून. हो लिहायचं आणि वर 'मी परत येणार' हे पटवायचं! अवघड आहे.

निखिल: मग मीच येतो. शुक्रवारचं तिकीट बघतोय.

मंदारदादा: कुठल्या पासपोर्टवर? 😀 शपथ घेतलीस की भारतीय नागरिकत्व संपलं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. तो पासपोर्ट वापरायचा नाही, सरेंडर करायचा. आधी अमेरिकन पासपोर्ट काढ, मग व्हिसा नाहीतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड.

अण्णा: स्वतःच्या घरी यायला व्हिसा. बरं.

निखिल: अण्णा 😔

निखिल: तनूचा फॉर्म भरायला बसलोय. गौरी, जन्मदाखला स्कॅन करून पाठव ना.

गौरी: पाठवते. अरे, यावर तिचं नावच नाहीये. नावाची जागा कोरी आहे. खाली फक्त आपली दोघांची नावं.

मंदारदादा: बारशाच्या आधीच काढलेला दिसतोय. नाव घालून नवीन घ्यावा लागेल. निखिल, तू थांबू नकोस, आहे तो जोडून फॉर्म भर. नवीन दाखला मागाहून अपलोड करता येतो.

गौरी: उद्या माझी सुट्टी होणं कठीण आहे.

अण्णा: मी जातो. कोणकोणते कागद न्यायचे तेवढं लिहून ठेव, सकाळी उघडायच्या आत जाऊन उभा राहतो.