बेझोसचं दहा हजार वर्षांचं घड्याळ: हौस, ठेवा की उधळपट्टी?

मध्यरात्रीचा_वाचक (धागाकर्ता)

पश्चिम टेक्सासमध्ये सिएरा डियाब्लो नावाची उजाड डोंगररांग आहे. तिथल्या एका डोंगराच्या पोटात पाचशे फूट उंचीचं यांत्रिक घड्याळ बसवण्याचं काम चालू आहे. ते दहा हजार वर्षं चालावं असा बेत आहे. कल्पना डॅनी हिलिस या संगणक अभियंत्याची, १९८९ सालची: वर्षातून एकदा टिक, शंभर वर्षांनी काटा एक घर पुढे आणि हजार वर्षांनी एकदा कोकीळ बाहेर. जमीन आणि पैसा जेफ बेझोसचा. आकडा ४ कोटी २० लाख डॉलरचा सांगितला जातो, म्हणजे आजच्या भावाने साडेतीनशे कोटी रुपयांच्या पुढे.

मला हे पटत नाही. दानाचा हिशेब मांडणारी गिव्हवेल ही संस्था मलेरियाच्या मच्छरदाण्या वगैरे मार्गांनी एक जीव वाचवायचा खर्च ढोबळमानाने पाच हजार डॉलर धरते. भागाकार करा, आठ हजारांच्या वर माणसं होतात. त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची पोरं. एका बाजूला ही पोरं आणि दुसऱ्या बाजूला डोंगरात टिकटिक.

‘त्याचा पैसा, त्याची मर्जी’ हे उत्तर येणार हे ठाऊक आहे. त्याच्या पुढचं कोणी लिहील का?

---

खडूस_काका

त्याचा पैसा, त्याची मर्जी.

बरं, पुढचं लिहितो. तुमचा भागाकार बेझोसपाशीच का थांबतो? मागच्या वर्षी घरात मॉड्युलर किचन बसवलं असेल, पोराच्या मुंजीला हॉल घेतला असेल, तर त्यातही दोन-चार मच्छरदाण्यांचे गठ्ठे अडकलेले आहेत. या हिशेबाने चालायचं तर नाटक बंद, क्रिकेट बंद, दिवाळी अंक बंद. आणि साडेतीनशे कोटी काही डोंगरात पुरले नाहीत. बोगदा खणणाऱ्यांना, लेथवर बसणाऱ्यांना, पोलादवाल्यांना मिळाले. शेठजीने पैसा बाहेर काढला की तुम्ही ओरडता आणि नाही काढला तरी कंजूस म्हणून ओरडताच.

---

घड्याळवेडा

निदान ती वस्तू काय आहे ते तरी बघा हो. मी या घड्याळाबद्दल बरीच वर्षं मिळेल ते वाचतोय.

दहा हजार वर्षं यंत्र चालवायचं म्हणजे तेल-वंगणावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून बेअरिंग सिरॅमिकची. बाकी भाग स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियमचे. ऊर्जा कुठून? डोंगरमाथ्यावर दिवसा आणि रात्री तापमानात जो फरक पडतो त्यातून. म्हणजे कोणी फिरकलंच नाही तरी घड्याळ आतल्या आत वेळ मोजत राहील. मात्र तबकडीवर आजची वेळ बघायची असेल तर आलेल्या माणसाने किल्ली फिरवायची. किल्ली दिली नाही तर शेवटचा माणूस आला होता ती वेळ दिसते. आणि वर्षानुवर्षांची चूक दुरुस्त कशी होणार, तर ऊन असलेल्या दिवशी बरोबर मध्यान्हीचा सूर्यप्रकाश आत येऊन यंत्राला जुळवून घेतो.

सगळ्यात भारी घंटा. घंटा दहा. त्या वाजवायचे क्रम ३६ लाख २८ हजार ८००. दहा हजार वर्षांतले दिवस साधारण ३६ लाख ५२ हजार. म्हणजे जवळजवळ रोज वेगळी धून, आणि ती परत ऐकू यायला दहा हजार वर्षं थांबायचं! ही कल्पना संगीतकार ब्रायन ईनोची.

असलं काम कुठलं सरकार करेल? पाच वर्षांनी निवडणूक असते. कंपनी करेल? तिला दर तिमाहीला निकाल दाखवायचे असतात. हे फक्त हट्टी आणि अतिश्रीमंत माणूसच करू शकतो. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

---

मेधा_सोलापूर

घंटांचं वाचून मजा वाटली, खरंच. पण खडूसकाका, ‘त्याचा पैसा’ या दोन शब्दांपाशीच माझी गाडी अडते.

२० जुलै २०२१ ला बेझोस स्वतःच्या रॉकेटमधून दहा-अकरा मिनिटं वर जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी अॅमेझॉनच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे आणि ग्राहकाचे आभार मानले आणि या सगळ्याचे पैसे तुम्हीच भरलेत, असंही वर सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या कंपनीने एका खासदाराची जाहीर माफी मागितली होती. कारण? ड्रायव्हरांना गाडीतच बाटलीत लघवी करावी लागते हे आधी साफ नाकारलं आणि नंतर कबूल करावं लागलं. ज्या माणसाला मोकळं व्हायला पाच मिनिटं मिळत नाहीत त्याच्या वेळेतून जे साठलं, त्यातून दहा हजार वर्षांची वेळ मोजायची. यातला विनोद मला तरी झेपत नाही.

माझा मुद्दा मच्छरदाण्यांचा नाहीच. एवढा ढीग एका हातात जमतोच कसा, हा आहे.

---

खडूस_काका

मेधाताई, त्याच कंपनीने २०१८ ला अमेरिकेत तासाला किमान १५ डॉलर पगार केला, तेव्हा तिथला केंद्रीय किमान दर सव्वासात होता. तेही लिहा की. आणि कर कमी भरत असतील तर कायदा संसदेने केलाय, घड्याळाने नाही.

---

चिंतोपंत_सीए

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. एरवी मी अशा धाग्यांवर वाचनमात्र असतो.

जून २०२१ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारितेच्या संस्थेने आयकराची गळालेली कागदपत्रं छापली. त्यानुसार बेझोस यांनी २००७ आणि २०११ या दोन वर्षांत फेडरल आयकर शून्य भरला. त्यात बेकायदा काही नव्हतं. युक्ती साधी आहे. संपत्ती शेअरमध्ये. शेअर कितीही वाढले तरी विकेपर्यंत ते उत्पन्न नाही, म्हणून कर नाही. खर्चाला पैसा लागला तर शेअर तारण ठेवून कर्ज घ्यायचं, कारण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. मालक गेला की वारसाच्या हाती शेअर मृत्यूच्या दिवसाच्या भावाने नव्याने मोजले जातात आणि हयातभर झालेली वाढ आयकराच्या जाळ्यातून कायमची निसटते. (बेझोस मोठे शेअर विकतातही आणि तेव्हा कर लागतो, हे न्यायाला धरून सांगायला हवं.)

आपल्याकडे थोडं निराळं. वारसाने शेअर विकले तर मूळ मालकाच्या खरेदीभावापासून नफा मोजतात, म्हणजे ती शेवटची पळवाट नाही. पण इस्टेट ड्युटी (मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा कर) १९८५ मध्ये गेली आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. त्यातून वर्षाला हजारेक कोटीच यायचे, वसुलीचा व्याप मोठा. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. तोही उत्पन्नावर, संपत्तीवर नाही. तेव्हा टेक्सासकडे बोट दाखवताना हे ध्यानात असू द्या.

---

फोर्टातला_कारकून

घड्याळाचा आणि श्रीमंताचा विषय आणि अजून राजाबाई टॉवर निघाला नाही?

१८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एक, मनोऱ्याला आईचं नाव. आई अंध होती, जैन असल्याने दिवेलागणीच्या आत जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून टोल, अशी गोष्ट सांगतात. आराखडा ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने केला तो कधी हिंदुस्थानात आलाच नाही. १८७८ ला काम पुरं झालं.

शुद्ध वैयक्तिक हौस. पण आज त्या पैशाचा जाब कोण विचारतो? मी रोज ओव्हल ओलांडताना मान वर करून त्यावर घड्याळ लावतो. टेक्सासच्या घड्याळाचंही दीडशे वर्षांनी असंच होईल.

---

मेधा_सोलापूर

जाब विचारणारी मी आहे की!

तो पैसा कापसाच्या तेजीतला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी, दक्षिणेचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्यावर शेअरचा सट्टा उभा राहिला आणि त्याच्या मध्यभागी होते हेच प्रेमचंद. १८६५ ला युद्ध संपलं, फुगा फुटला, बँक ऑफ बॉम्बे गाळात गेली, कित्येक घरं बसली. तेजीत कर्ज काढलेला दख्खनचा शेतकरी पुढे दहा वर्षं सावकाराच्या दारात. १८७५ ला सुप्याला सावकारांचे कागद जाळले गेले, त्याची मुळं या मंदीपर्यंत नेणारे इतिहासकार आहेत. तेव्हा टॉवरचं बांधकाम चालूच होतं.

टॉवर मलाही आवडतो. पण आवडतो म्हणून हिशेब चुकता होत नाही.

---

लेणीप्रेमी

थोडं मागे जाऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात लेख आहे: वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केलं. ‘सर्वोत्तम’ स्वतःच कोरून घेतलंय बघा, दोन हजार वर्षांपूर्वीही शेठ लोक असेच! पण नुसतं भूतपालाचं नाव वाचून परत फिरू नका. खांब वेगवेगळ्या लोकांनी दिलेले आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन (म्हणजे ग्रीक) आहेत. प्रवेशद्वाराच्या कामाचं दान सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं, आणि तिथे सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. भूतपाल मोठा धनी असेल, पण शेजारच्या अत्तरवाल्यालाही त्यात खांदा द्यावासा वाटला.

टेक्सासच्या डोंगरात सुताराचं नाव कुठे असेल? मला श्रीमंताच्या हौसेचं वावडं नाही. ती हौस चार लोकांना आपली वाटते की नाही, एवढंच मी बघतो.

---

सॅन_होजेकर

माझ्या घरातून माउंट हॅमिल्टनचा माथा दिसतो. तिथे लिक वेधशाळा आहे, तिची गोष्ट इथे फिट बसेल.

जेम्स लिक मूळचा पियानो बनवणारा, सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेऊन गब्बर झाला. म्हातारपणी त्याच्या डोक्यात आलं की भर शहरात स्वतःसाठी गिझाहून मोठा पिरॅमिड बांधायचा. विज्ञान अकादमीचे अध्यक्ष जॉर्ज डेव्हिडसन त्याच्याकडे जात राहिले, बोलत राहिले, आणि शेवटी पिरॅमिडच्या जागी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण ठरली. लिकने सात लाख डॉलर ठेवले. १८७६ ला तो गेला, १८८८ ला छत्तीस इंची दुर्बीण तयार होऊन सगळं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ताब्यात गेलं. चारच वर्षांत बर्नार्डने तिच्यातून गुरूचा पाचवा चंद्र शोधला. लिकला त्या दुर्बिणीच्या खांबाखालीच पुरलंय, म्हणजे थोडाफार पिरॅमिड त्याने मिळवलाच.

म्हणून काका, ‘त्याची मर्जी’ म्हणून गप्प बसणं मला धोक्याचं वाटतं. डेव्हिडसन गप्प बसला असता तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मधोमध एक दगडी ढीग असता आणि पर्यटक त्याच्यापुढे सेल्फी काढत असते.

---

घड्याळवेडा

सुंदर. पण मग बेझोसला घड्याळ सुचवणारा हिलिस हाच त्याचा डेव्हिडसन नाही का? घड्याळामागे १९९६ पासून लाँग नाऊ फाउंडेशन आहे. त्यांचा पहिला नमुना ३१ डिसेंबर १९९९ ला चालू झाला आणि तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवला गेला. बेझोस नंतर आला. कल्पना त्याची नाही, त्याने फक्त थैली उघडली.

---

मेधा_सोलापूर

घड्याळाला माझा विरोध जरा सौम्य झाला असं समजा. कारण याच गृहस्थाची कोरू नावाची शिडाची नौका आहे, सव्वाशे मीटरहून लांब, किंमत ५० कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं छापून आलं. घड्याळाच्या बारा पट! डोलकाठ्या एवढ्या उंच की रॉटरडॅममधला १९२७ चा जुना पूल मधून उघडून तिला वाट द्यायचा घाट घातला गेला. लोकांनी कुजकी अंडी मारायची तयारी केली, तेव्हा बांधणाऱ्या कंपनीने अर्ज मागे घेतला आणि डोलकाठ्यांशिवाय नौका दुसऱ्या वाटेने ओढत नेली. डच लोकांनी मर्जीला उत्तर कसं द्यायचं ते दाखवलं.

आणि त्याच पैशाचा दुसरा वाटा बघा. बेझोसशी झालेल्या घटस्फोटात शेअर मिळालेल्या मॅकेन्झी स्कॉट यांनी १९ अब्ज डॉलरच्या वर देऊन टाकले, तेही बहुतेक वेळा संस्थांवर अटी न घालता, तुम्हाला हवं तिथे खर्चा म्हणून. इमारतीला नाव नाही, डोंगर नाही.

---

खडूस_काका

स्कॉटबाईंना नमस्कार. पण तीही त्यांची मर्जीच ना? माझंच म्हणणं सिद्ध करताय.

---

मेधा_सोलापूर

होय, मर्जीच. म्हणूनच मला कर हवाय, काका. एकाची मर्जी घड्याळाची, एकीची दानाची, तिसऱ्याची नौकेची. आठ हजार पोरांचं कोणाच्या लहरीवर ठरावं हे मला मान्य नाही, लहर चांगली असली तरीही.

---

मध्यरात्रीचा_वाचक (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मी अजून ‘नको’च्याच बाजूला आहे, पण माझ्या यादीत घड्याळ खाली गेलं आणि नौका वर आली.

घड्याळवेडा यांना एक व्यावहारिक प्रश्न. लिकची दुर्बीण विद्यापीठाला मिळाली, राजाबाई टॉवरही विद्यापीठाचा. हा डोंगर बेझोसच्या खासगी जमिनीत आहे. लोकांना बघायला मिळेल असं सांगतात. पण यंत्र दहा हजार वर्षं टिकलं तरी जमीन कोणाच्या नावावर टिकणार?

---

खडूस_काका

आमच्या आजोबांच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांत सव्वीस नावं चढलीत आणि बांधावरून दोन दावे चालू आहेत. दहा हजार वर्षांचं तुम्हीच बघा.

---

चिंतोपंत_सीए

टेक्सासात सातबारा नसतो, काका. दावे मात्र असतात.