आईला ‘पॅलेस वॉक’ पुढे वाचून दाखवू का?

रामबागवाली, इंदूर
आई ७८ची. डोळ्यांमुळे आता तिला वाचवत नाही. दिवेलागणीला इजिप्तच्या नजीब महफूझची ही कादंबरी (तीन भागांतली पहिली) इंग्रजीतून तोंडी मराठी करत तिला ऐकवते. १९१७चं कैरो. घरात सय्यद अहमदचा असा वचक की मुलं तोंड उघडत नाहीत. बायको अमिना २५ वर्षं स्वतःच्या मर्जीनं उंबरठ्याबाहेर पडलेली नाही. आणि हा रात्री गाणाऱ्या बायांकडे, दारू नि डफ! मध्यरात्री परततो तेव्हा ती जिन्यात दिवा धरून उभी.

आई म्हणाली, “अगं, हे तर आमचे मामंजी!” म्हणजे माझे आजोबा. एकादशीला घरात पोरांनासुद्धा भगर, आणि हे रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात कचोरी खाऊन यायचे. धोतरावरचा चटणीचा डाग आजी पहाटे गुपचूप धुवायची. हे मला आत्ता कळतंय, पुस्तकामुळे.

परवा गाडी अडली. सय्यद अहमद कैरोबाहेर, पोर्ट सैदला गेलेला. मुलांच्या आग्रहानं अमिना हुसेन मशिदीत जाते, येताना मोटारीचा धक्का, खांद्याचं हाड मोडतं. तो ती बरी होईपर्यंत थांबतो आणि मग तिला माहेरी धाडतो. आई म्हणाली, “ठेव ते.” दोन दिवस विषय नाही.

तिन्ही भाग वाचलेल्यांनी सांगा, अमिना पुढे कधी मोकळी होते का? नसेल तर इथेच थांबते.

जुनी वाचक
रहस्यभेद होईल, पण तुम्हीच विचारलंत. होते, मात्र किंमत जबर. १९१९च्या इंग्रजांविरुद्धच्या आंदोलनात तिचा मुलगा फहमी गोळीला बळी पडतो, त्यानंतर तिला बाहेर जायची मुभा मिळते. तिसऱ्या भागात, ‘शुगर स्ट्रीट’मध्ये तर सय्यद अहमद आजारानं घरात अडकलेला आणि ती मशिदी फिरतेय.

लष्करवाला, ग्वाल्हेर
त्याला नुसता ढोंगी म्हणून निकालात काढू नका हं. नमाजही मनापासून, मित्रांत दिलदारही. नमाज नि रात्रीची मौज यांत विसंगती आहे हे त्याला वाटतच नाही.

रामबागवाली
@लष्करवाला, मामंजींनाही वाटत नव्हतं. डाग आजीलाच दिसायचा.

काल आईला शेवटच्या भागाचं सांगितलं. फहमीचं तूर्त नाही. ती म्हणाली, “ही बाहेर, मग त्याला चहा कोण देतं?”
म्हटलं, घरात जुनी मोलकरीण आहे.
“मग वाच.”